क्वेरीनाना

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की पन्नासेक किलोमीटरच्या त्या रस्त्यावर ऊस, डाळिंब, पुढाऱ्यांचे फ्लेक्स आणि कॉम्प्युटर शिकलेली माणसं, या चार गोष्टी कधी कमी पडत नाहीत. कॉम्प्युटर शिकलेल्यांच्या तीन तऱ्हा. पहिली, एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावणारी. ती पुन्हा कॉम्प्युटरच्या वाटेला जात नाही. दुसरी, बारामतीत इंजिनिअरिंग करून हिंजवडीला जाणारी. ती दिवाळीत चारचाकी घेऊन येते आणि ‘गावात नेट फार स्लो आहे’ असं सांगून परत जाते. तिसरी तऱ्हा इथंच राहते. ती कारखान्याच्या शेतकी ऑफिसात असते, दूध संघात असते, पतसंस्थेत नाहीतर विकास सोसायटीत असते. वय पन्नाशीचं, पगार बेताचा, आणि नको त्या वयात डेटाबेसला प्रश्न विचारायचा नाद लागलेला. आमचे क्वेरीनाना या तिसऱ्या तऱ्हेचे.

नाना शेतकी विभागात क्लार्क आहेत. कुठल्या कारखान्यात ते सांगत नाही; या दोन तालुक्यांत कारखान्यांना तोटा नाही आणि मला रोज याच रस्त्यानं जायचंय. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं (निळं लिहायला, लाल दुसऱ्यानं लिहिलेल्यावर शेरा मारायला) आणि किल्ल्यांच्या जुडग्यात एक पेन ड्राइव्ह. समोरच्याचं बोलणं ते पुरं होऊ देतात, मग चष्मा कपाळावर चढवून विचारतात, “नेमकं काय पाहिजे?” हा प्रश्न ते साहेबाला विचारतात, शेतकऱ्याला विचारतात आणि लग्नाच्या पंगतीत वाढप्यालाही विचारतात. वाढपी पुढच्या पानाकडे सरकतो. साहेबाला सरकता येत नाही.

कॉम्प्युटर नानांना नवा नाही. नव्वदच्या दशकात कारखान्यात काळ्या पडद्याची यंत्रं आली, चपला बाहेर काढून ज्या एसीच्या खोलीत जावं लागे त्या खोलीत नाना फॉक्सप्रो शिकले. फॉक्सप्रोत फाईल उघडायची, पहिल्या शेतकऱ्यापाशी उभं राहायचं, त्याचं टनेज घ्यायचं, पुढच्याकडे जायचं, असं शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत चालत जायचं. पुढच्याकडे नेणारा ‘स्किप’ लिहायचा राहिला की यंत्र पहिल्याच शेतकऱ्याचा ऊस रात्रभर मोजत बसे. असा एका शेतकऱ्याचा ऊस नानांनी एकदा सकाळपर्यंत मोजलेला आहे. त्याला बिल तेवढं मिळालं नाही.

पुढं कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं. त्यात रंगीत बटणं आली आणि ठरलेले रिपोर्ट आले. त्या रिपोर्टांच्या बाहेरचं काही विचारलं, की पुण्याहून फोनवर एक गोड आवाज म्हणायचा, “सर, तसा रिपोर्ट नाहीये. रिक्वायरमेंट मेल करा.” नानांना हे लागलं. डेटा आपला, ऊस आपल्या शिवारातला, चिटबॉयनं उन्हातान्हात बांधावर उभं राहून केलेली नोंद आपली, आणि प्रश्न विचारायला पुण्याची परवानगी! याच सुमारास त्यांची थोरली मुलगी बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला होती. तिच्या लॅबबुकात पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसची प्रॅक्टिकल्स होती. नानांनी एका रविवारी ते लॅबबुक रद्दी समजून उघडलं आणि गीता समजून मिटलं.

पहिला धडा घरातच झाला. थोरलीच्या लॅपटॉपवर नानांनी ‘सभासद’ नावाचं टेबल केलं. नाव मराठीत लिहिलं तरी यंत्रानं कुरकुर केली नाही, याचाच आनंद नानांना दोन कप चहाइतका झाला. मग बोटं मोडून त्यांनी आयुष्यातली पहिली क्वेरी लिहिली: सभासदमधलं सगळं दाखव. एंटर मारला. काही नाही. नाना थांबले. थांबायची त्यांना सवय. कारखान्यात गव्हाणीपाशी लागलेली गाडीही अशीच थांबते. पुन्हा एंटर. पुन्हा काही नाही. एवढंच, की पडद्यावरच्या खुणेतलं बरोबरीचं चिन्ह जाऊन तिथं आडवी रेघ आली होती. पण माशी बसल्यासारखी ती बारीक रेघ नानांच्या ध्यानात आली नाही. चहा झाला, बातम्या झाल्या, नानीनं भाकरी थापल्या. थोरली क्लासवरून आली आणि वाकून बघत म्हणाली, “पप्पा, अहो, तुमचं वाक्य संपलंय हे त्याला कळलेलंच नाही. शेवटी सेमीकोलन द्या. कधीचं वाट बघतंय ते.”

“म्हणजे मी त्याची वाट बघतोय आणि ते माझी?”

“हो.”

“सोयरीक जुळवतानाबी असंच होतंय,” आतून नानी म्हणाली.

त्या रात्री नानांनी भावकीचं एक टेबल केलं आणि ट्रॅक्टरांचं दुसरं. भावकीतले पाच शेतकरी, चार ट्रॅक्टर. कुणाचा ऊस कुणाच्या ट्रॅक्टरनं गेला ते पाहायचं होतं. दोन्ही टेबलं जोडली, पण कशावरून जोडायची ती अट लिहायची राहिली. उत्तरात वीस ओळी आल्या: प्रत्येकाचा ऊस प्रत्येकाच्या ट्रॅक्टरनं गेलेला. ज्या भावकीत बांधावरच्या बाभळीवरून दोन पिढ्या बोलणं बंद आहे, ती भावकी एकमेकांचा ऊस वाहताना बघून नानांचा ऊर भरून आला. थोरलीनं सांगितलं, ही एकी नाही, याला कार्टेशियन गुणाकार म्हणतात. पाच चोक वीस.

दुसरी गफलत त्याहून थोर. एका चुलतभावानं दोन एकर घेतली, म्हणून त्याच्या नावापुढची जमीन पाच एकर करायची होती. नानांनी ‘भावकी टेबलात जमीन पाच कर’ असं लिहिलं, सेमीकोलन आठवणीनं दिला, आणि ‘कुणाची’ हे सांगणारं व्हेअर विसरले. यंत्रानं निमूटपणे पाचही जणांना पाच-पाच एकर देऊन टाकली. कोर्टात पंधरा वर्षं पडून असलेली समान वाटणी अर्ध्या सेकंदात झाली. पहिल्या चुकीनं एकी आली, दुसऱ्या चुकीनं समता आली. नाना म्हणतात, बरोबर क्वेरी लिहायला लागल्यापासून भावकी पुन्हा होती तशी झाली.

यानंतर थोरलीनं त्यांना ‘बिगिन’ शिकवलं. आधी बिगिन म्हणायचं, मग काय ते बदल करायचे. बरोबर वाटले तर कमिट, नाहीतर रोलबॅक, म्हणजे काही घडलंच नाही. संसारात तीस वर्षं ज्याची उणीव भासली ते हेच, असं नानांना वाटलं. भाजीत मीठ कमी आहे असं बोलून गेल्यावर ते एकदा घाईघाईनं म्हणाले, “रोलबॅक, रोलबॅक.”

“बिगिन म्हटलावता का आधी?” नानीनं विचारलं. थोरलीची उजळणी ऐकून ऐकून तिचाही अभ्यास झाला होता. “न्हाई ना? मग ते कमिट झालं.”

ऑफिसातल्या डेटावर नानांना संगणक विभागानं फक्त वाचायची परवानगी दिली, लिहायची दिली नाही. कारखान्याच्या इतिहासात जे थोडे शहाणे निर्णय झाले त्यांपैकी हा एक. वाचायची का होईना, परवानगी मिळाल्यावर नानांनी पहिला प्रश्न टाकला: कुठल्या जातीचा ऊस किती हेक्टर? पाडेगावच्या संशोधन केंद्रानं काढलेली फुले २६५ या भागात सगळ्यांच्या रानात आहे. उत्तरात तिचं एक नाव यावं, तर आली ढीगभर: ‘२६५’, ‘फुले २६५’, ‘फुले-२६५’, ‘कोएम ०२६५’, ‘दोनशेपासष्ट’, तोच आकडा एकदा मराठीत नि एकदा इंग्रजीत, आणि एका चिटबॉयनं श्रद्धेनं लिहिलेलं ‘२६५ चांगला’. यंत्राच्या लेखी ह्या सगळ्या निरनिराळ्या जाती. नाना म्हणाले, “पाडेगाववाल्यांना वर्षानुवर्षं खपून एक जात काढता येते. आमचे चिटबॉय एका हंगामात आठ काढतात.”

माणसांची गत उसाहून वेगळी नव्हती. एका गावात नाव, बापाचं नाव आणि आडनाव तंतोतंत सारखं असलेले तीन सभासद निघाले. यंत्रानं त्यांना सभासद क्रमांकावरून ओळखलं, त्याला प्रायमरी की म्हणतात, एवढं नाना शिकले होते. पण तोडणीच्या वेळी गावात जाऊन क्रमांक पुकारून कोण ओ देणार? गाव त्यांना ‘वरचा’, ‘मळ्यातला’ आणि ‘रेडिओ’ म्हणून ओळखतं. नानांनी शेतकी अधिकाऱ्यांना सुचवलं, टोपणनावाचा एक रकाना वाढवा. अधिकारी म्हणाले, “नाना, आपल्या साहेबांना गाव काय म्हणतं ते माहीत आहे ना? ते पण टाकायचं का?” रकाना वाढला नाही.

मग नानांनी सभासदांचे जन्मदिवस मोजायला घेतले. कारण काही नव्हतं. क्वेरीनानांना कारण लागत नाही. कुठल्या तारखेला किती जण जन्मले? उत्तराच्या अगदी वर एकच तारीख दिमाखात बसली होती: १ जून. बाकीच्या तारखा तिच्या पायाशी रांगेनं. पन्नाशी ओलांडलेल्या महाराष्ट्राला हे नवीन नाही. आई पोराला शाळेत घेऊन यायची, गुरुजी जन्मतारीख विचारायचे, आई म्हणायची, “भुईमूग काढायच्या वक्ताला झाला.” भुईमूग रकान्यात मावत नाही म्हणून गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. स्वतः नानांचीही तारीख १ जून १९७२. प्रत्यक्षात दुष्काळी कामावर सुकडी वाटत होते तेव्हा ते जन्मले, एवढंच त्यांच्या आईला ठाऊक. “डेटाबेसमध्ये रकाना मोकळा असला की आपोआप पडणाऱ्या किमतीला डिफॉल्ट म्हणतात,” नाना मला म्हणाले. “आमचे गुरुजी तसे डिफॉल्ट.”

ऊस लागणीच्या तारखांतही हाच प्रकार निघाला. आडसाली लागणीच्या कितीतरी नोंदी १ जुलैच्या. म्हणजे शिवारातही एक गुरुजी आहेत.

तारखेवरून आठवलं. १९ ऑगस्ट २०२३ ला नानांनी ऑफिसात पेढे वाटले. कशाचे, तर कॉडसाहेबांच्या जन्मशताब्दीचे. निम्म्या स्टाफनं साखर आयुक्तालयातलं कुणीतरी असेल म्हणून खाल्ले, निम्म्यानं पेढे आहेत म्हणून. एडगर कॉड हा इंग्रज माणूस, दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेला. पुढं अमेरिकेत आयबीएममध्ये असताना जून १९७० मध्ये त्यानं एक निबंध छापला: डेटा साध्या टेबलांत ठेवा, आणि कुठं कसा शोधायचा ते सांगण्यापेक्षा काय पाहिजे तेवढं सांगा, शोधायचं काम यंत्राचं. तेव्हा आयबीएमनंही त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. १९७४ मध्ये तिथल्याच चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी त्यासाठी जी भाषा मांडली तिचीच आजची एसक्यूएल झाली. नानांनी हे सगळं एका दमात सांगितलं आणि म्हणाले, “फॉक्सप्रोत मी शिपायासारखा फायलीतून फिरायचो. कॉडसाहेबांनी मला खुर्ची दिली. आता बसून नुसतं सांगायचं.” खुर्चीचा विषय निघाल्यामुळे स्टाफनं आणखी पेढे घेतले नाहीत.

पण परक्या माणसाचं कौतुक नाना एका मर्यादेपलीकडे करत नाहीत. कॉडसाहेबांच्या पुढं ते लगेच मोरोपंतांना उभे करतात. मोरोपंत बारामतीचे, एकच रामकथा त्यांनी एकशेआठ रामायणांत सांगितली, आणि त्यांतल्या कित्येकांना स्वतःच कडक अटी घालून घेतल्या. निरोष्ठ रामायणात तर ओठाला ओठ लावणारं एकही अक्षर नाही. प, फ, ब, भ, म वर्ज्य. “टेबल एक, व्ह्यू एकशेआठ,” नाना म्हणतात. “आणि व्हेअर किती अवघड! मला एक ‘नॉट इन’ जमेना.” हे ‘नॉट इन’ प्रकरण पुढं येणारच आहे.

इंदापूरकर भेटला तर नाना मोरोपंत बाजूला ठेवतात आणि गोल्डस्मिड काढतात. कंपनी सरकारच्या काळात प्रिंगल नावाच्या साहेबानं दख्खनची पाहणी केली. निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा, असं त्याचं पुस्तकी गणित. गणित बिनचूक असेल, पण खालच्या कारकुनांनी भरून दिलेले आकडेच खोटे. सारा जड झाला, इंदापूरकडची शेतं पडीक पडली, कुळं परागंदा झाली. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरातच नव्यानं मोजणी सुरू केली. सोपे नियम, रानाचा पोत आणि मातीची खोली पाहून नऊ प्रती, आणि तीस वर्षं न बदलणारा सारा. मुंबई इलाख्याची सगळी जमीनमोजणी पुढं याच वळणावर गेली. नानांचा निष्कर्ष असा: “क्वेरी कितीही हुशार असू द्या, चिटबॉय खोटा असेल तर कुळं परागंदा होतात. आणि हे जगाला पहिल्यांदा इंदापुरानं शिकवलं.” यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्याला इंदापुरात टाळ्या पडतात.

‘नेमकं काय पाहिजे’ या त्यांच्या सवालाचा उपयोग होतो, हे मात्र खरं. एक बागायतदार तावातावानं आले. माझा ऊस उशिरा का तुटला? नाना म्हणाले, “कुणापेक्षा?” बागायतदारांनी चार नावं सांगितली. नानांनी लागणीच्या तारखेनं यादी लावली, शेजारी तोडीची तारीख घेतली. चौघांपैकी तिघांची लागण यांच्या आधीची आणि तोड यांच्या नंतरची. पडद्याकडे बघत बागायतदार म्हणाले, “चौथ्याचं काय?” चौथा त्यांचाच मेहुणा निघाला. “राहू द्या नाना,” ते उठले, “घरी लाईट यायची वेळ झाली, मोटर चालू करायचीय.” निम्मी भांडणं प्रश्न नीट मांडला की तिथंच विरघळतात, आणि उरलेली निम्मी प्रश्न नीट मांडल्यामुळंच पेटतात, हा नानांचा अनुभव.

नानांचं खरं वैर एकाच गोष्टीशी होतं. तिचं नाव नल. रकान्यात काहीच नाही, म्हणजे शून्य नाही, मोकळी जागाही नाही. नुसतं ‘माहीत नाही’. यंत्र हो म्हणतं, नाही म्हणतं, आणि तिसरं हे. आमच्याकडे बोलण्याचा निम्मा व्यवहार या तिसऱ्यावर चालतो. रजा मिळेल का? बघू. पाणी कधी सुटणार? सुटंल की. येणार ना लग्नाला? जमवतो. या उत्तरांत कुणी दुखावत नाही, कुणी बांधला जात नाही, आणि यांच्यावर चार पिढ्या सुखानं नांदल्या. नानांनी एसक्यूएल शिकल्यावर या सगळ्याविरुद्ध मोहीम उघडली. कुणी ‘बघू’ म्हणालं की ते विचारायचे, “ट्रू का फॉल्स?” पुतण्यासाठी पाहिलेल्या स्थळांचं त्यांनी टेबल केलं, ‘होकार’ असा रकाना ठेवला. सगळ्यांचं उत्तर ‘कळवतो’, म्हणून रकाना रिकामा. मग ज्यांचा होकार नलबरोबर आहे ती स्थळं दाखव, असं विचारलं. एकही आलं नाही. नल कशाच्याच बरोबर नसतो, दुसऱ्या नलच्याही नाही. त्याला ‘इज नल’ असं वेगळंच विचारावं लागतं. नानांना हा यंत्राचा आडमुठेपणा वाटला. नानीला वाटला नाही. “बरोबर हाय त्याचं,” ती म्हणाली. “एकीच्या बापाला जमीन कमी वाटली म्हणून त्यो कळवतो म्हणला. दुसरीच्याला पोरगा आवडला न्हाई म्हणून त्यो कळवतो म्हणला. दोन्ही सारखंच कसं?”

आणि मग ते ‘नॉट इन’ झालं. सर्वसाधारण सभा तोंडावर आलेली. वरून विचारणा झाली, यंदा कारखान्याला ऊस न घातलेले सभासद किती? रिपोर्टांत असं बटण नव्हतं. पुण्याला मेल करायला वेळ नव्हता. साहेब स्वतः नानांच्या टेबलापाशी आले. नानांनी चष्मा कपाळावर चढवला, पण या वेळी ‘नेमकं काय पाहिजे’ विचारलं नाही. प्रश्न नेमकाच होता. काट्यावरच्या पावत्यांत ज्यांचा क्रमांक नाही ते सभासद दाखव. सेमीकोलन. उत्तर: शून्य ओळी.

एकही नाही! सगळ्यांनी ऊस घातला! साहेबांनी लगोलग वर फोन लावला. वरून आणखी वर गेला. शंभर टक्के सभासदांची निष्ठा, असं भाषणाचं वाक्यही तयार झालं. एवढ्यात व्हरांड्यात बिलासाठी बसलेला एक म्हातारा शेतकरी नानांना म्हणाला, “आरं पर माझा ऊस तर म्या गुऱ्हाळाला घातला. जावयाचं हाय गुऱ्हाळ.” साहेबांनी फोन खाली ठेवला, आणि नानांनी चष्मा.

उलगडा रात्री घरी झाला. थोरलीनं सांगितलं, पावत्यांत एखादा क्रमांक मोकळा आहे का बघा. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर होता. एकच. रात्रपाळीला काट्यावरच्या माणसानं एका पावतीवर सभासद क्रमांक टाकला नव्हता. आता यंत्र एकेका सभासदाला घेऊन विचारत होतं, याचा क्रमांक सगळ्या पावत्यांपेक्षा वेगळा आहे ना? बाकी पावत्यांपुरतं ते ‘हो’ म्हणे, पण त्या मोकळ्या पावतीपाशी अडायचं: तो क्रमांक काय आहे तेच माहीत नाही, मग वेगळा आहे अशी हमी कशी देऊ? हमी नाही तर यादीत नाव नाही. म्हणून कुणाचंच नाही. वाटपाच्या कागदावर सगळ्या भावांच्या सह्या झाल्या आणि मुंबईची एक बहीण ‘बघू’ म्हणाली की तलाठी जसा कागद परत देतो, तसं यंत्रानं केलं. थोरलीनं ‘नॉट इन’ काढून ‘नॉट एक्झिस्ट्स’ लिहायला सांगितलं. पडद्यावर न मावण्याएवढी यादी आली. भाषणातलं वाक्य गेलं.

साहेब चिडले होते. म्हणाले, “नाना, संगणक विभागाला सांगून त्या मोकळ्या रकान्यात शून्य टाकून घ्या, म्हणजे पुन्हा भानगड नको.” साधी गोष्ट होती. गेल्या वर्षीचे नाना असते तर लगेच टाकून घेतलं असतं, वर ‘बघू’वाल्यांना चांगला धडा मिळाला म्हणून खूश झाले असते. पण नाना म्हणाले, “शून्य नंबरचा सभासद कोण, साहेब? उद्या त्याच्या नावानं बिल निघंल. त्या पोराला रात्री क्रमांक कळला नाही, म्हणून त्यानं लिहिला नाही. खोटं तरी नाही ना लिहिलं? गुरुजींसारखं काहीतरी ठोकून दिलं असतं तर आपल्याला कधी कळलंच नसतं.” पावती वाहनाच्या नंबरावरून शोधली, टोळीच्या मुकादमाला फोन केला, दोन दिवसांत खरा क्रमांक सापडला आणि भरला गेला. तो क्रमांक नेमका ‘रेडिओ’चा निघाला. ‘वरच्या’चा की ‘मळ्यातल्या’चा असा घोळ झाल्यानंच काट्यावरच्या पोरानं रकाना सोडला होता.

तेव्हापासून ‘बघू’ म्हणणाऱ्याला नाना ट्रू-फॉल्स विचारत नाहीत. हंगामाच्या सुरुवातीला नव्या चिटबॉयांना ते स्वतः सांगतात: लागणीची तारीख माहीत नसेल तर रकाना मोकळा ठेव, लाल पेनानं गोल कर, मी फोन करून विचारतो, पण १ जुलै टाकशील तर गाठ माझ्याशी आहे. चिटबॉय मान हलवतात. काही जण आता २ जुलै टाकतात.

नानांची निवृत्ती जवळ येते आहे, तीही अर्थातच गुरुजींनी ठरवलेल्या तारखेवरून. हे त्यांना सलतं. परवा रात्री घरच्या लॅपटॉपवर त्यांनी ‘कर्मचारी’ टेबलातला आपला जन्मदिनांक पुसायला घेतला. आधी बिगिन म्हणाले. जन्मदिनांक नल कर. यंत्रानं साफ नकार दिला. हा रकाना मोकळा ठेवता येत नाही अशी अट नानांनीच कधीकाळी घातलेली. त्यांनी रोलबॅक मारून पुन्हा बिगिन म्हटलं, ती अट काढली आणि पुन्हा हुकूम दिला. या वेळी ऐकलं. नानांच्या नावापुढं प्रथमच खरी माहिती आली, म्हणजे काहीच नाही. मग त्यांनी थोरलीला दाखवायला म्हणून विचारलं, ज्यांची अठ्ठावन्न पूर्ण होतात ते केव्हा निवृत्त होणार, सगळ्यांची यादी दे. यादीत नाना नव्हते.

“पप्पा, जन्मतारीखच नाही म्हटल्यावर तुमचं वय निघणार नाही,” थोरली हसत म्हणाली. “तुम्ही या यादीत कधीच येणार नाही. तुम्ही रिटायरच होणार नाही!”

नाना खुर्चीत मागं रेलले. कॉडसाहेबांनी दिलेली ती खुर्ची आता कुणी काढून घेऊ शकत नव्हतं.

“आन् पगाराच्या यादीत येनार का?” भाकरी उलथत नानीनं विचारलं.

थोरलीनं बापाकडे पाहिलं. “बघावं लागेल,” ती म्हणाली.

नानांनी तत्काळ रोलबॅक मारला. गुरुजींची १ जून आपल्या जागेवर येऊन बसली, आणि मागं रकाना मोकळा न ठेवण्याची अटही.